डोस वाढवण्याआधी सिस्टर आणि फार्मासिस्ट यांनी एकमेकांना काय विचारावे

ताई, आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण बी.एस्सी. नर्सिंग केले आहे आणि पूर्व उपनगरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात काम करता. डॉक्टर रोज दोनच तास येतात, त्यामुळे रक्तदाब आणि मधुमेहाच्या जुन्या रुग्णांची तपासणी, नोंदी आणि समजावणी बहुतांशी आपल्यावरच असते. परदेशात नर्स प्रॅक्टिशनर (जादा प्रशिक्षण घेऊन रुग्ण तपासणाऱ्या परिचारिका) आणि फार्मासिस्ट मिळून असे रुग्ण सांभाळतात हे आपल्या वाचनात आले. इथे मात्र आपण काही सुचवले की खिडकीतले फार्मासिस्ट दुखावतात, आणि त्यांनी रुग्णाला काही सांगितले की आपल्याला ती ढवळाढवळ वाटते. तेव्हा कामाची वाटणी कशी करावी, औषधात बदल कोणी करावा आणि सुरुवात कुठून करावी, असे आपण विचारले आहे.

मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे आणि माझी बहुतेक नोकरी मुंबईतल्या प्राथमिक दवाखान्यांत, औषधांच्या खिडकीच्या आतल्या बाजूला झाली आहे. त्या अनुभवावरून मला वाटते की आपली खरी अडचण वाटणीची नाही. रुग्ण आपल्याला एक गोष्ट सांगतो आणि खिडकीवर दुसरी, आणि डॉक्टर सही करतात त्या क्षणापर्यंत या दोन गोष्टी एका कागदावर येतच नाहीत. त्या एकत्र आणण्याची सोय झाली, तर वाटणीचे बरेचसे वाद उरत नाहीत. ती सोय नसेल, तर वाटणी कितीही नेमकी केली तरी रुग्णाला तिचा उपयोग होत नाही.

आधी अधिकारांचा मुद्दा स्पष्ट करते, कारण परदेशातले वाचून इथे गैरसमज होतो. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनरचे शिक्षण १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केले, आणि आज तिथल्या अनेक राज्यांत त्या स्वतंत्रपणे औषध लिहून देतात. ब्रिटनमध्ये २००६ पासून विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका आणि फार्मासिस्ट या दोघांनाही स्वतंत्रपणे औषध लिहिण्याचा अधिकार आहे. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेने नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम आणला तो अतिदक्षता विभागासाठी, आणि नंतर प्रसूतिसेवेसाठी. प्राथमिक दवाखान्यात बसून रक्तदाबाची गोळी लिहून देणारी नर्स प्रॅक्टिशनर हे पद आपल्या व्यवस्थेत नाही. फार्मासिस्टचेही हात बांधलेले आहेत. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते, पण औषध नियम, १९४५ (पूर्वीचे नाव औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) नुसार चिठ्ठीतल्या औषधाऐवजी दुसरे औषध देण्याची त्याला मुभा नाही. सरकारी आरोग्य कार्यक्रमातली औषधे परिचारिका आणि आरोग्यसेविका वाटतात, त्यांना याच नियमांच्या ‘शेड्यूल के’मध्ये सवलत आहे. ती सवलत सरकारी कार्यक्रमापुरती आहे, धर्मादाय दवाखान्यातल्या सगळ्या साठ्याला ती आपोआप लागू होत नाही. म्हणून फार्मासिस्ट रजेवर असताना ‘सिस्टर, तुम्हीच द्या गोळ्या’ असे कोणी सांगितले, तर डॉक्टर हजर असतानाच आणि त्यांच्या देखरेखीखालीच ते व्हावे, असा आग्रह आपण अवश्य धरावा.

म्हणजे औषध बदलण्याचा अधिकार आपल्यालाही नाही आणि फार्मासिस्टनाही नाही, तो डॉक्टरांचा आहे. हे एकदा दोघांनी मनापासून मान्य केले की ‘कोणाचे चालते’ हा प्रश्न बाजूला होतो, आणि डॉक्टरांच्या त्या दोन तासांत त्यांच्यापुढे नेमके काय ठेवायचे, हा प्रश्न समोर येतो.

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे येते. रक्तदाबाचा आकडा आपल्याकडे असतो. रुग्णाने मागच्या गोळ्या कधी नेल्या ही तारीख फार्मासिस्टकडे असते. हे दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागत नाही, आणि बहुतेक दवाखान्यांत ते कधीच शेजारी येत नाहीत. आकडा केसपेपरवर असतो आणि तारीख खिडकीच्या आतल्या रजिस्टरमध्ये.

एक उदाहरण देते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. घरकाम करणाऱ्या, पन्नाशीच्या एक बाई. अॅम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम चालू. गणपतीनंतर तपासणीला आल्या तेव्हा रक्तदाब १६८/९८. सिस्टरांनी नियमाप्रमाणे पाच मिनिटे बसवून, हात टेकवून पुन्हा मोजला, तरी आकडा जवळपास तोच. केसपेपर तसाच डॉक्टरांकडे गेला असता तर तिसरी गोळी, बहुधा क्लोरथॅलिडोन, सुरू झाली असती, आणि कागदावरचे वाचून कोणीही त्यात चूक काढली नसती. आमच्या रजिस्टरमध्ये मात्र त्यांनी ३० दिवसांच्या गोळ्या नेल्याची तारीख ५२ दिवसांपूर्वीची होती. मी एवढेच सिस्टरांना कळवले. पुढचे काम सिस्टरांनी केले, आणि ते मला जमले नसते. त्यांनी बाईंना पडद्यामागे नेऊन, रागावल्यासारखे अजिबात न वाटू देता विचारले. बाई सणाला संगमेश्वरकडे गेल्या होत्या, गोळ्या तिथे संपल्या, आणि ‘तिकडे बरं वाटत होतं’ म्हणून पुन्हा आणल्या नाहीत. शिवाय गुडघा दुखतो म्हणून परत आल्यापासून रोज दुकानातून डायक्लोफेनॅक आणून घेत होत्या.

आता या माहितीचे वजन पाहा. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी शरीरात मीठ आणि पाणी साठते, रक्तदाब वाढतो आणि टेल्मिसार्टनचा परिणाम कमी होतो. त्यावर क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी दिली असती, तर ही तीन औषधे मिळून मूत्रपिंडाला इजा करू शकली असती. डॉक्टरांसमोर आम्ही दोन ओळी ठेवल्या: ‘गोळ्यांत सुमारे तीन आठवड्यांचा खंड. डायक्लोफेनॅक रोज.’ डॉक्टरांनी जुन्याच गोळ्या पुन्हा सुरू केल्या, डायक्लोफेनॅक बंद करून पॅरासिटामॉल दिले आणि दोन आठवड्यांनी बोलावले. तेव्हा रक्तदाब १३८/८४ होता. खंड पडल्याचे मला माहीत होते आणि कारण सिस्टरांना कळले. एकीच्या माहितीवर हा निर्णय झाला नसता.

खंडाची कारणे मुंबईत बरीचशी ठरलेली असतात आणि ती रजिस्टरमध्ये कधीच लिहिलेली नसतात. गणपती, शिमगा आणि मे महिना यांत कोकणातली कुटुंबे गावी जातात, लग्नसराईत उत्तरेकडचे लोक मुलुखाला जातात. हे आपल्याला गप्पांत आधीच कळते. ते खिडकीपर्यंत पोहोचले, तर डॉक्टरांच्या सहीने दोन महिन्यांच्या गोळ्या आधीच देता येतात. दुसरे कारण लाजेचे आहे. लघवी वाढवणारी गोळी सकाळी घ्यायला सांगतात, पण लोकलने तासभर प्रवास करून चार घरची कामे करणारी बाई, जिला कामाच्या घरी शौचालय वापरू देत नाहीत, ती ही गोळी मुद्दाम टाळते. खिडकीवर, मागे रांग उभी असताना, ती हे एका पुरुषाला सांगणार नाही. आपल्याला सांगेल. आपण ते कळवले, तर फार्मासिस्ट डॉक्टरांना वेळ बदलण्याचा किंवा दुसऱ्या गटातल्या गोळीचा पर्याय सुचवू शकतात.

महाराष्ट्रासह काही राज्यांत २०१७ साली सुरू झालेल्या इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह या रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमात ठरलेली औषधपद्धती, ठरलेली औषधे नियमित उपलब्ध ठेवणे, डॉक्टरांसह सगळ्या कर्मचाऱ्यांनी मिळून काम करणे आणि प्रत्येक रुग्णाची तारीखवार नोंद ठेवणे यांवर भर आहे. आपल्या दवाखान्याला त्यातली कुठलीही महागडी गोष्ट लागत नाही. पायऱ्यांची औषधपद्धती (आधी कोणते औषध, मग कोणते) डॉक्टरांनी एका कागदावर लिहून, सही करून भिंतीवर लावली तरी आपली आणि फार्मासिस्टची निम्मी बोलणी सोपी होतात, कारण मग कोणी कोणाला सुचवत नसते, दोघेही त्या कागदाकडे बोट दाखवत असतात.

दुसरा विषय क्षयरोगाचा. आपल्या भागात हे रुग्ण नक्कीच असतील. क्षयाच्या सहा महिन्यांच्या नेहमीच्या उपचारात रिफॅम्पिसिन पूर्ण काळ असते, आणि ते औषधे मोडणारी यकृतातली विकरे (एन्झाइम) वाढवते, म्हणून इतर अनेक औषधांची रक्तातली पातळी घटते. गर्भनिरोधक गोळ्यांची घटते, अॅम्लोडिपिनची घटते, ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळ्यांचाही परिणाम कमी होतो. आता बहुतेक ठिकाणी काय होते? क्षयाची औषधे एका ठिकाणाहून मिळतात, माला-एन ही गर्भनिरोधक गोळी कुटुंब नियोजनाच्या सिस्टरांकडून मिळते आणि साखरेची गोळी आमच्या खिडकीतून. तिन्ही ठिकाणी आपापले काम चोख होते, आणि तरीही ती स्त्री औषध चालू असताना नको असलेल्या गर्भधारणेला सामोरी जाऊ शकते. क्षयाचा उपचार चालू आहे हे कळताच आपण तांबी किंवा अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचा पर्याय समजावून द्यावा, आणि उपचार संपल्यावरही चार आठवडे केवळ गोळ्यांवर विसंबू नये असे सांगावे. रुग्णाला औषधाचे नाव सांगता येत नसेल, तर लघवी नारिंगी होते का हे विचारावे, रिफॅम्पिसिनची ही खूण लोकांच्या लक्षात राहते. याची दुसरी बाजूही आहे. क्षयाचा उपचार संपला की काही आठवड्यांत विकरे पूर्ववत होतात, आणि त्या काळात वाढवलेली साखरेची गोळी तशीच चालू राहिली तर साखर एकदम उतरू शकते. उपचार संपण्याची तारीख आपण फार्मासिस्टना सांगून ठेवावी, म्हणजे खिडकीवरही लक्ष राहते.

इन्शुलिनविषयी मी थोडे जास्त लिहिते, कारण इथे दोघांनी एकमेकांचे काम तपासलेच पाहिजे. आपल्याकडे कुपीतले इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, तर पेनच्या काडतुसातले १०० युनिटचे. सिरिंजही दोन प्रकारच्या असतात, ४० युनिटवालीचे टोपण लाल आणि १०० युनिटवालीचे नारिंगी. पेन बिघडला म्हणून काडतुसातले इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ओढणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्या सिरिंजवर २० च्या खुणेपर्यंत अर्धा मिलिलिटर भरते, म्हणजे २० ऐवजी ५० युनिट शरीरात जातात. उलट, ४० युनिटच्या कुपीला नारिंगी टोपणाची सिरिंज वापरली, तर त्याच २० च्या खुणेवर फक्त ८ युनिट जातात आणि साखर चढलेलीच राहते. आमच्याकडे ठरलेली रीत अशी होती: कुपी आणि सिरिंज एकाच पिशवीत, माझ्या हातून, कुपीवरचा आकडा मोठ्याने वाचून दिली जाई. नंतर सिस्टर रुग्णाला त्याच पिशवीतल्या सिरिंजमध्ये हवा ओढून त्याच्या डोसची खूण दाखवायला सांगत. ‘समजलं का?’ असे विचारले की सगळे ‘हो’ म्हणतात, खूण दाखवताना मात्र चूक लपत नाही. ज्यांच्या घरी फ्रिज नाही त्यांना इन्शुलिन कुठे ठेवता हेही आपणच विचारावे. उघडलेली कुपी साधारण महिनाभर सावलीत, थंड जागी, ओल्या मातीच्या भांड्यात ठेवून वापरता येते. गॅसच्या शेगडीजवळच्या फळीवर ती खराब होते.

उपासांचा मुद्दा लहान आहे पण विसरला जातो. ग्लिमेपिराइड घेणारा रुग्ण रमजान, नवरात्र किंवा श्रावणातले उपास करणार असेल, तर ते आपल्याला आधी कळते. गोळीची वेळ आणि मात्रा डॉक्टरांकडून आधीच ठरवून घेतली पाहिजे, उपास सुरू झाल्यावर नव्हे. गरोदर स्त्रियांच्या बाबतीत लोह आणि कॅल्शियम एकत्र देऊ नये, दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर हवे, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये, हे आपण दोघांनी अगदी त्याच शब्दांत सांगावे. दोन माणसांनी दोन तऱ्हेने सांगितले की रुग्ण दोन्ही सोडून देतो.

आता आपल्या फार्मासिस्टच्या दुखावण्याविषयी. त्यांची बाजू मी जाणते, कारण तीच माझी बाजू आहे. आमच्याकडे चौकशी येते ती नेमकी रांग सर्वांत लांब असताना, आणि बहुधा आज्ञेच्या सुरात: ‘हिला ही गोळी नका देऊ.’ रुग्णासमोर असे ऐकल्यावर कोणीही बचावात जाईल. तेच ‘सर, या मावशी अॅम्लोडिपिन घेतात आणि पाय सुजलेत, गोळीमुळे असेल का?’ असे विचारले, तर तो त्यांच्या विद्येला विचारलेला प्रश्न होतो, आणि त्याचे उत्तर त्यांना येते, कारण पायांची सूज हा अॅम्लोडिपिनचा ओळखीचा परिणाम आहे. त्यांनी बी.फार्म. किंवा डी.फार्म. करताना जे शिकले, ते त्यांना वर्षानुवर्षे कोणी विचारलेलेच नसते. आपणही त्यांच्याकडून तशीच अपेक्षा ठेवावी. रुग्णाने खिडकीवर सांगितलेली तक्रार त्यांनी तिथेच निकालात काढू नये, आपल्याकडे पाठवावी. मतभेद झाला तर तो खिडकीसमोर बोलू नये, केसपेपरवर दोघांचे म्हणणे एकेका ओळीत लिहून डॉक्टरांपुढे ठेवावे.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. खिडकी ही उघड्यावरची जागा आहे. क्षय, एचआयव्ही, गर्भनिरोधन किंवा मानसिक आजार यांच्या औषधांविषयी तिथे नाव घेऊन बोलू नये. अशा रुग्णाला ‘सिस्टरांना भेटून जा’ एवढेच सांगून आपल्या खोलीत पाठवायचे, असे आम्ही ठरवले होते. त्यासाठी फार्मासिस्टनी आपल्याकडे पाठवलेल्या रुग्णाला पुन्हा रांगेत उभे करायचे नाही, हे आपण मान्य करावे लागते.

हे सगळे कितपत जमेल ते परिस्थितीवर अवलंबून आहे. दवाखान्यातूनच औषध मिळत असेल तर तारखेचे काम सोपे आहे. रुग्ण बाहेरून किंवा जनऔषधी केंद्रातून आणत असतील, तर तारीख आपल्याकडे नसते. खिडकीवर एकच माणूस साठा, इंडेंट (औषधांची मागणी) आणि वाटप सांभाळत असेल, तर त्याच्याकडून समुपदेशनाची अपेक्षा अन्यायाची आहे, तिथे आपल्याला जास्त भार उचलावा लागेल. आणि खिडकीत बसणारी व्यक्ती नोंदणीकृत फार्मासिस्टच नसेल, तर सहकार्याची चर्चा नंतर, आधी तो प्रश्न विश्वस्तांपुढे मांडावा.

सुरुवात एकाच गोष्टीने करा. केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात फार्मासिस्टनी दर वेळी तीन गोष्टी लिहायच्या: औषध दिल्याची तारीख, किती दिवसांचे, आणि पुन्हा कधी यायचे. आपण रक्तदाब मोजण्यापूर्वी तो कोपरा वाचायचा, आणि मोजण्याआधी अर्ध्या तासात चहा, तंबाखू किंवा मशेरी घेतली का, तेही विचारायचे. खंड दिसला तर कारण तिथेच लिहायचे. दवाखाना बंद होताना दहा मिनिटे दोघांनी बसून ‘येणार होते पण आले नाहीत’ अशी नावे काढावी आणि ती आरोग्यसेविकेला किंवा आपल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांना द्यावी. हे अंगवळणी पडेपर्यंत दुसरे काही वाढवू नका.

औषध बाहेरून आणणाऱ्यांसाठी महिन्यातला एक दिवस ठरवा आणि घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगा: खासगी डॉक्टरांनी दिलेल्या, शेजारणीने दिलेल्या आणि आयुर्वेदिकही. पिशवी टेबलावर रिकामी करताना आपण दोघांनीही बसावे. फार्मासिस्ट स्ट्रिपच्या मागची मूळ नावे वाचतील. दोन वेगळ्या ब्रँडच्या डब्यांत तेच अॅम्लोडिपिन निघणे हे नेहमीचे आहे, आणि ते घेणाऱ्याला आपण एकच औषध दुप्पट घेतो आहोत याची कल्पनाही नसते. आपण त्या वेळी कोणती गोळी खरोखर घेतली जाते आणि कोणती नुसती जपून ठेवली आहे, हे विचारून लिहावे. डॉक्टर आले की ती यादी त्यांच्यासमोर ठेवावी, आणि कोणते औषध ठेवायचे, कोणते बंद करायचे, हे त्यांच्या सहीने त्याच यादीवर लिहून घ्यावे. यादीची एक प्रत रुग्णाच्या पिशवीत परत घाला, म्हणजे तो पुढच्या डॉक्टरांकडे गेला तरी ती त्यांना दिसेल.